मंद न्यूट्रॉनाचे मोठेपण

पुंजयामिकीविषयी सामान्य वाचकांसाठी लिहिणारे ग्रंथकार बहुधा पहिल्या चार पानांतच एका पेटीत कोंडलेले मांजर वाचकासमोर आणून ठेवतात, आणि ते जिवंत आहे की मृत, की एकाच वेळी दोन्ही, या वादात त्याला असे काही गुंतवतात, की हे शास्त्र म्हणजे बुद्धिमान माणसांनी फावल्या वेळात चालवलेला एक शब्दच्छल होय, असा त्या बिचाऱ्याचा कायमचा ग्रह होऊन बसतो. या प्रकरणात मांजर नाही. मांजराऐवजी मी वाचकाला पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावर उतरवून, औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यांवरून समुद्राच्या अंगाला नेणार आहे; कारण तेथे, घिवलीसारख्या मच्छीमारांच्या गावांच्या शेजाराला, २८ ऑक्टोबर १९६९ पासून ज्याची वीज रीतसर विकली जाऊ लागली असे एक यंत्र उभे आहे, आणि त्या यंत्राच्या पोटातला मुख्य कारागीर न्यूटनचा कायदा मानीत नाही.

तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या. प्रत्येकीची क्षमता मुळात २१० मेगावॉट. पुढे ती १६० वर आणण्यात आली. त्यांच्यात साधे पाणी उकळते, त्याची वाफ चक्की फिरवते, आणि येथवर सारा मामला आपल्या घरच्या चहाच्या आधणाहून फारसा निराळा नाही. निराळेपण आहे ते चुलीत. त्या चुलीत जळण म्हणून युरेनियम असते, आणि ते पेटवणारा न्यूट्रॉन हा जर कॅरमच्या सोंगटीप्रमाणे वागणारा एक लहानसा गोटा असता, तर या अणुभट्टीचा जमाखर्च मुळातच जमला नसता. तो गोटा नाही, आणि जितका मंद तितका तो मोठा होतो, या एका चमत्कारिक वस्तुस्थितीवर तारापूरचा संसार चालला आहे. ती समजावून घेण्यासाठी मात्र काही पायऱ्या ओलांडाव्या लागतील.

प्रथम शब्दाची कैफियत. मूळ लॅटिन ‘क्वांटम’चा अर्थ केवळ ‘किती’ एवढाच. मराठीत त्याला ‘पुंज’ हा प्रतिशब्द रूढ झाला. शब्द भारदस्त आहे, पण मला तो किंचित फसवा वाटतो, कारण पुंज म्हणजे रास, आणि राशीतून मूठभर काढून घेतले तरी उरते ती रासच. सातपाटीच्या बाजारात याहून नेमका शब्द मिळाला असता. तेथे जवळा किंवा लहान मासळी वाट्याने विकली जाते. गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर कोळीण वाट्यातून चिमूटभर काढते किंवा चिमूटभर वाढवते, व हे वाढवणे-कमी करणे हव्या तितक्या बारकाईने करता येते. मोठे पापलेट मात्र नगावर जाते, आणि पाऊण नग कोणी मागितलाच तर त्याला कोळीण काय उत्तर देईल ते येथे लिहिण्याजोगे नाही. प्रकाश, उष्णता, ऊर्जा या साऱ्या गोष्टी निसर्ग वाट्यावर विकतो, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगातल्या यच्चयावत विद्वानांनी गृहीत धरले होते. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये माक्स प्लांक याने जो निबंध वाचला, त्याचा मथितार्थ असा, की हा व्यवहार नगावर चालतो.

प्लांकला या निष्कर्षाचा हर्ष झाला नव्हता. तो जुन्या परंपरेचा, सावध वृत्तीचा मनुष्य होता व अन्य उपाय खुंटल्यावरच त्याने हे पाऊल उचलले. त्याच्यापुढे कोडे होते ते तापलेल्या वस्तूच्या रंगाचे. बोईसरच्या वसाहतीत पोलादाचे काम चालते तेथे हे कोडे रोज डोळ्यांसमोर असते: लोखंड तापू लागले की आधी काळपट तांबडे, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरे दिसते. जुन्या सिद्धांताप्रमाणे हिशेब केला तर असे निघे, की कोणत्याही ऊन वस्तूने जांभळ्या व त्यापलीकडच्या अदृश्य प्रकाशाचा अमर्याद वर्षाव करावयास हवा. म्हणजे चुलीपुढे भाकरी भाजायला बसणे हे प्राणावर बेतणारे कर्म ठरावे. असे होत नाही, हे सांगायला विद्वान लागत नाही; का होत नाही, हे सांगायला मात्र प्लांक लागला. त्याने असे मानले की प्रकाशाच्या प्रत्येक नगाची किंमत त्याच्या कंप्रतेच्या प्रमाणात ठरलेली असते. तांबडा नग स्वस्त, निळा महाग, जांभळ्यापलीकडचा त्याहून महाग. किंमत काढण्याचा दर म्हणजे ६.६२६ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात जूल-सेकंद, ज्याला आज आपण प्लांकचा स्थिरांक म्हणतो. हा आकडा अतोनात लहान असल्यामुळेच आपल्या मोठ्या व्यवहारांत ही नगाची विक्री लक्षात येत नाही.

आता ऐपतीचा प्रश्न. अणूंच्या जगात ऊर्जेचे चालू नाणे म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हजार अंश सेल्सिअसला तापलेल्या लोखंडात एकेका अणूच्या वाट्याला उष्णतेची जी रक्कम येते ती या नाण्यात सुमारे एक-दशांश. तांबड्या प्रकाशाच्या एका नगाची किंमत पावणेदोनच्या आसपास, निळ्याची पावणेतीन. उघडच आहे, की ज्याच्या गाठीला दहा पैसे त्याला पावणेदोन रुपयांचा नग क्वचित, कधी तरी योगायोगाने जास्तीची जमा झाली तरच परवडणार, आणि पावणेतीन रुपयांचा जवळजवळ कधीच नाही. वाट्यावर विक्री असती तर दहा पैशांचाही निळा प्रकाश घेता आला असता. लोखंड तांबडे दिसते ते त्याच्या दारिद्र्यामुळे, असे म्हटले तर ते विनोदी वाटेल, पण चुकीचे ठरणार नाही.

प्लांकने नगाची कल्पना केवळ देवघेवीपुरती मान्य केली होती. १९०५ साली आइन्स्टाइनने ती प्रकाशालाच लागू केली, आणि १९१३ साली नील्स बोर याने अणूच्या आतल्या घडामोडींना. बोरच्या म्हणण्याप्रमाणे अणूतल्या इलेक्ट्रॉनाला वाटेल त्या ऊर्जेवर राहण्याची मुभा नाही. त्याच्यासाठी काही ठरावीक पायऱ्या आहेत, व एका पायरीवरून दुसरीवर उतरताना दोहोंतील फरकाइतक्या किमतीचा एक नग बाहेर पडतो. याची खातरजमा करण्यास प्रयोगशाळा नको. आपल्या किनाऱ्यावर मिठागरांना तोटा नाही. त्यातले चिमूटभर मीठ गॅसच्या निळ्या ज्योतीवर टाकावे, अथवा भाताचे खारे पाणी उतू जाऊ द्यावे, म्हणजे ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो पिवळा रंग सोडियमचा; त्याची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, दर नगाची किंमत २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि हे मीठ पालघरचे असो, कच्छचे असो की सूर्याच्या वातावरणातले सोडियम असो, त्यात यत्किंचितही फरक पडत नाही. मनुष्याने पाडलेल्या कोणत्याही नाण्याला इतका एकसारखेपणा साधलेला नाही.

पण पायऱ्या का असाव्यात? बोरने हुकूम सोडला होता, कारण दिले नव्हते. कारण देण्याची वाट १९२४ साली लुई द ब्रॉय या फ्रेंच तरुणाने आपल्या प्रबंधात दाखवली: लाट म्हणून ओळखला जाणारा प्रकाश जर नगासारखा वागतो, तर नग म्हणून ओळखला जाणारा इलेक्ट्रॉन लाटेसारखा का वागू नये? तीन वर्षांच्या आत धातूच्या स्फटिकांवरून परावर्तित झालेल्या इलेक्ट्रॉनांनी खरोखरच लाटांसारखी नक्षी काढून दाखवली. एकदा लाट मान्य केली की पायऱ्या आपोआप येतात, आणि त्या कशा, हे कळण्यास डहाणू-जव्हारकडच्या वारली पाड्यांवर वाजणारा तारपा पुरेसा आहे. तारप्याच्या नळीत हवा कोंडलेली असते. कोंडलेल्या हवेतली लाट नळीच्या लांबीत नीट बसली तरच ती टिकते, म्हणून त्या नळीतून वाटेल तो स्वर निघत नाही, ठरावीकच निघतात, आणि वादकाने भोकांवरची बोटे हलवून नळीची चालू लांबी वाढवली की स्वर खाली उतरतो. अणूत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनाची लाट याच न्यायाने ठरावीक स्वरांत बांधली जाते. ते स्वर म्हणजेच बोरच्या पायऱ्या.

बोईसर-तारापूरच्या वसाहतीत रंग आणि रसायने तयार होतात, आणि त्या रंगांचे मर्म हेच आहे. बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांच्या रेणूत एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने गुंफलेली कार्बनची साखळी असते. तिच्यातले काही इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे बांधील न राहता साखळीभर हिंडतात, म्हणजे ती साखळी ही त्यांची नळी. नळी लांब झाली की स्वर उतरावा तशी पायऱ्यांमधली उंची कमी होते, व रेणू आधी जांभळा, मग निळा, मग हिरवा प्रकाश शोषू लागतो. गाजरातल्या कॅरोटीनमध्ये असे अकरा दुहेरी बंध एका ओळीत असतात. ते निळा प्रकाश गिळते, आणि आपल्याला गाजर नारिंगी दिसते. साखळीत एखादा दुवा वाढवून कापडाची छटा बदलणारा रसायनज्ञ आपण लाटा मापात बसवीत आहोत असे क्वचितच म्हणत असेल. तो करतो मात्र तेच.

हे झाले इलेक्ट्रॉनाचे. ज्या कारागिराचा उल्लेख आरंभी केला त्या न्यूट्रॉनालाही लाट असते, आणि तिची लांबी द ब्रॉयच्या नियमाप्रमाणे त्याच्या वेगाच्या व्यस्त प्रमाणात असते: वेग जास्त तर लाट आखूड, वेग कमी तर लाट लांब. युरेनियमचे अणुकेंद्र दुभंगते तेव्हा त्यातून दोन-तीन न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे वीस हजार किलोमीटर या वेगाने सुटतात. या भरधाव न्यूट्रॉनाची लाट, अणुकेंद्राचा व्यास पंधरा मानला तर, त्याच मापाने वीस भरते. म्हणजे पाहुणा आणि घर जवळजवळ सारख्याच आकाराचे. परंतु हाच न्यूट्रॉन पाण्याच्या रेणूंवर आदळत, दर टकरीला आपली निम्मीशिम्मी ऊर्जा हायड्रोजनला देत, वीसेक टकरांत पार थकला आणि खोलीच्या उष्णतामानाला आला, की त्याचा वेग सेकंदाला २,२०० मीटर उरतो व त्याची लाट १.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे अणुकेंद्राच्या व्यासाच्या दहा हजारपटींहूनही अधिक, लांबते. आता तो एका अणुकेंद्राला नव्हे, तर एका संपूर्ण अणूला व्यापून राहतो. जवळून जाताना चुकणे हा शब्दच त्याला लागू पडत नाही.

हे मंदपणाचे माहात्म्य प्रथम हाती लागले ते अपघाताने. १९३४ साली रोम येथे एन्रिको फर्मी व त्याचे सहकारी चांदीवर न्यूट्रॉनांचा मारा करीत असता, तोच प्रयोग लाकडी मेजावर केला तर किरणोत्सर्ग जास्त आणि संगमरवरी मेजावर केला तर कमी, असा विलक्षण अनुभव येऊ लागला. मेजाचा पदार्थविज्ञानाशी संबंध काय? फर्मीने त्या ऑक्टोबरात मध्ये मेणाचा ठोकळा ठेवून पाहिला आणि किरणोत्सर्ग कितीतरी पटींनी वाढला. लाकडात हायड्रोजन आहे, मेणात हायड्रोजन आहे, संगमरवरात नाही; हायड्रोजन न्यूट्रॉनाला मंद करतो, व मंद न्यूट्रॉन अधिक पकडला जातो. जलद चेंडू भिंत फोडतो आणि हळू चेंडू उसळून परत येतो, हे ज्यांनी लहानपणापासून पाहिले त्या सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध हा निकाल होता.

शास्त्रज्ञ या पकडीचे माप क्षेत्रफळात देतात. समजा अणुकेंद्र ही एक तबकडी आहे, तर न्यूट्रॉनाच्या दृष्टीने ती केवढी दिसते? त्या क्षेत्रफळाच्या एककाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही अमेरिकन शास्त्रज्ञांनी ‘बार्न’ असे नाव दिले, ज्याचा अर्थ धान्याचे कोठार. सूक्ष्मातिसूक्ष्म वस्तूला कोठार म्हणण्याची ही थट्टा पुढे दफ्तरी दाखल होऊन गंभीर परिमाण बनली. युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्राचा खराखुरा आडवा छेद दोन बार्नहून थोडा कमीच भरतो. आणि भरधाव न्यूट्रॉनाला भंजनासाठी ते साधारण सव्वा बार्नचे दिसते, म्हणजे गोट्यांच्या हिशेबाशी फारसे विसंगत नाही. मंद न्यूट्रॉनाला तेच अणुकेंद्र ५८५ बार्न दिसते! घराचा सातबारा दोन गुंठ्यांचा, आणि पाहुण्याला ते पाचशेपंच्याऐंशी गुंठे पसरलेले दिसावे, असा हा प्रकार. नैसर्गिक युरेनियमात हे भंजनक्षम २३५ केवळ ०.७ टक्के असते, बाकी सारे जवळजवळ युरेनियम-२३८, जे मंद न्यूट्रॉनाने दुभंगत नाही व उलट त्यातले काही न्यूट्रॉन गिळून टाकते. शंभरात एकही न भरणाऱ्या या अल्पसंख्याकांना शोधून काढावयाचे तर न्यूट्रॉनाला मंद करणे, म्हणजेच मोठा करणे, हाच मार्ग. म्हणून तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांतले पाणी दुहेरी काम करते: ते उष्णता वाहून नेते, आणि मंदायक म्हणूनही राबते. साधे पाणी स्वतःही काही न्यूट्रॉन खाऊन टाकते, तेव्हा ती तूट भरून काढण्यासाठी तेथे समृद्ध केलेले युरेनियम लागते. उलट २००५ आणि २००६ साली तेथेच सुरू झालेल्या ५४० मेगावॉटच्या चौथ्या व तिसऱ्या भट्टीत (होय, चौथी आधी सुरू झाली) जड पाणी वापरले जाते; ते न्यूट्रॉनाला मंद करण्यास जास्त टकरा घेते, पण खात जवळजवळ काहीच नाही, आणि म्हणून तेथे खाणीतून निघाल्या प्रमाणातले नैसर्गिक युरेनियम चालते.

येथे चोखंदळ वाचक विचारील, आणि त्याने विचारावेच, की ही लाट नेमकी कशाची? समुद्राची लाट पाण्याची, तारप्यातली हवेची. न्यूट्रॉन तर एकच आहे, मग लाटते काय? १९२५ व १९२६ या दोन वर्षांत हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी, दोन अगदी भिन्न वाटांनी, या शास्त्राचे गणित उभे केले तेव्हाही हा प्रश्न शिल्लकच होता. त्याचे उत्तर माक्स बोर्न याने १९२६ साली दिले, आणि ते इतके रूक्ष आहे की आइन्स्टाइनला ते शेवटपर्यंत रुचले नाही: लाट संभाव्यतेची आहे. जेथे लाटेचा जोर जास्त तेथे न्यूट्रॉन सापडण्याचा संभव जास्त. सापडतो तेव्हा तो अख्खा, एका ठिकाणी, नगाने सापडतो. १९८८ साली ग्रेनोबल येथील अणुभट्टीतून अत्यंत मंद न्यूट्रॉन काढून त्यांना दोन बारीक फटींतून जाऊ देण्यात आले. न्यूट्रॉन इतके विरळ होते, की एक उपकरणातून जात असता पुढचा बहुधा अद्याप युरेनियमच्या अणुकेंद्रातच असे. तरीही एकेक करून जमलेल्या त्या नोंदींतून पट्ट्यापट्ट्यांची जी नक्षी उमटली ती दोन फटींतून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्या तरच उमटू शकते. मग प्रत्येक न्यूट्रॉन कोणत्या फटीतून गेला? या शास्त्राचा दंडक असा, की ज्या दोन मार्गांत भेद करणारा पुरावा जगात कोठेही शिल्लक नाही, ते दोन्ही मार्ग जमेस धरलेच पाहिजेत.

या दंडकाशी तारापूरचा एक जुना ऋणानुबंध आहे. ज्यांच्या पुढाकाराने हे केंद्र उभे राहिले ते डॉ. होमी भाभा तरुणपणी केंब्रिजला होते, आणि १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधात त्यांनी इलेक्ट्रॉन व त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन यांच्या टकरीचा हिशेब मांडला. हे दोघे एकमेकांना ढकलून बाजूला होतात, किंवा एकमेकांना नष्ट करून त्या ऊर्जेतून पुन्हा नवे दोघे जन्माला येतात. अखेरीस हाती येणारी जोडी तीच असल्यामुळे कोणता प्रकार घडला हे सांगणे अशक्य, म्हणून दोन्ही प्रकारांच्या लाटा आधी मिळवून मग संभव काढला पाहिजे. ‘भाभा प्रकीर्णन’ हे नाव आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान-अपघातात भाभा गेले. तारापूरचे बांधकाम त्या वेळी चालू होते.

संभव हा शब्द ऐकला की व्यवहारी मनुष्य साशंक होतो. अंदाजपंचे चालणाऱ्या शास्त्रावर पाचशे मेगावॉटची भट्टी कशी चालवावी? पण संभव आणि बेहिशेब यांत अंतर आहे. एक ग्रॅम युरेनियम-२३८ घ्या. त्यात दर सेकंदाला सुमारे १२,४०० अणुकेंद्रे आल्फा-कण बाहेर टाकतात. कोणती १२,४००, याचे उत्तर नाही. ते दडवून ठेवलेले नाही, तर मुळात अस्तित्वातच नाही, असे या शास्त्राचे म्हणणे आहे. शेजारशेजारच्या दोन तंतोतंत सारख्या अणुकेंद्रांपैकी एक आज मोडते व दुसरे पृथ्वीचे वय उलटले तरी तसेच राहते, आणि या पक्षपाताला कोणतेही कारण नसते. तरीसुद्धा पुढच्या सेकंदाला पुन्हा १२,४००च. फरक पडला तर शंभर-सव्वाशे इकडे किंवा तिकडे. कोणत्याही ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यूच्या वहीला इतका बिनचूकपणा साधलेला नाही.

हे आल्फा-कण बाहेर कसे पडतात ही हकीकतही मोठी मौजेची आहे. अणुकेंद्राभोवती ऊर्जेचा एक उंच तट असतो, आणि युरेनियमच्या आल्फा-कणाजवळ त्या तटावरून उडी मारण्याइतकी शक्ती नसते, ४.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ऐपतीवर त्याला पंचवीसहून उंच तट ओलांडायचा असतो. १७३९ साली आमच्याच जिल्ह्यातल्या वसईच्या तटाला मराठ्यांनी सुरुंग लावून खिंडारे पाडली, कारण तटापलीकडे जाण्याचा दुसरा उपाय नव्हता. आल्फा-कणाला सुरुंग लागत नाही आणि तटाला खिंडारही पडत नाही. त्याची लाट तटाशी थबकते, पण एकदम शून्य होत नाही. तटाच्या जाडीत ती क्षीण होत होत पलीकडे नाममात्र उरते, आणि जेथे लाट उरली तेथे संभव उरला. गॅमोव्हने १९२८ साली, आणि स्वतंत्रपणे त्याच वर्षी गर्नी व कॉन्डन यांनी, हा हिशेब केला. आतला कण सेकंदाला एकावर एकवीस शून्ये इतक्या वेळा तटावर धडका देतो, तरी युरेनियम-२३८ च्या निम्म्या अणुकेंद्रांना बाहेर पडण्यास साडेचार अब्ज वर्षे लागतात. पोलोनियम-२१२ च्या कणाची ऐपत याच्या दुप्पट. त्याचे अर्धायुष्य एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही एक-तृतीयांश. ऐपत दुप्पट होताच मुदत एकावर तेवीस शून्यांहून अधिक पटींनी घटते, हे ज्या सिद्धांताला एका दमात सांगता आले, त्याच्याविषयी ‘अंदाजपंचे’ हा शब्द वापरणे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

हायझेनबर्गच्या १९२७च्या अनिश्चिततेच्या तत्त्वावर पुस्तकेच्या पुस्तके झाली आहेत. येथे तीन वाक्ये पुरेत. लाट जितक्या लहान जागेत कोंडावी तितके तिच्यात आखूड लाटांचे, म्हणजे जास्त वेगांचे, मिश्रण करावे लागते. त्यामुळे अणुकेंद्राएवढ्या जागेत डांबलेला न्यूट्रॉन कधीच स्वस्थ बसू शकत नाही, लहान जाळ्यातल्या मासळीप्रमाणे त्याची तडफड चाललेलीच असते. ती थांबवता येत नाही, आणि ती आपल्या मोजमापातल्या गलथानपणामुळेही नसते.

युरेनियम-२३५ मंद न्यूट्रॉनाने फुटते आणि २३८ फुटत नाही, यामागेही पुंजयामिकीचाच हात आहे. न्यूट्रॉनांना जोडीने राहणे मानवते. २३५ मध्ये ते १४३ आहेत, म्हणजे एक बिनजोडीचा. बाहेरून आलेला न्यूट्रॉन त्याचा जोडीदार होतो, आणि या लग्नसंबंधात जी ऊर्जा मोकळी होते, सुमारे साडेसहा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ती अणुकेंद्राला दुभंगण्याच्या तटापलीकडे लोटण्यास पुरते. २३८ मध्ये सारे आधीच विवाहित. तेथे नवागताच्या येण्याने पाचाच्याही आतच प्राप्ती होते, आणि ती तोकडी पडते. एका भंजनातून मग सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाहेर पडतात. कोळशातला कार्बनचा एक अणू जळताना चार देतो.

मंद न्यूट्रॉनाच्या मोठेपणाला एक वैरीही आहे. भंजनाच्या राखेतून, आयोडीनच्या मार्गे, झेनॉन-१३५ तयार होतो, आणि त्याच्या अणुकेंद्रात मंद न्यूट्रॉनाच्या नेमक्या ऊर्जेजवळ एक पायरी मोकळी असते. तारप्याच्या नळीला तिचाच स्वर बाहेरून ऐकू यावा तशी ती न्यूट्रॉनाच्या लाटेशी एकस्वर होते. परिणामी हे अणुकेंद्र न्यूट्रॉनाला सव्वीस लाख बार्न दिसते, आणि तो त्यात गडप होतो. १९४४ साली अमेरिकेतील हॅनफर्ड येथील नवी भट्टी सुरू होऊन काही तासांतच आपोआप मावळली, पुढे आपोआप जिवंत झाली, तेव्हा या झेनॉनाचा छडा लागला. भट्टी चालू असताना न्यूट्रॉन त्याला जाळीत असतात. ती थांबली की जाळणारे थांबतात, पण आयोडीनपासून त्याची पैदास चालूच राहते व साठा कित्येक तास चढत जातो. नैसर्गिक युरेनियमावर चालणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीजवळ न्यूट्रॉनांची शिल्लक बेताचीच. एखादी अचानक थांबली आणि थोडक्या वेळात पुन्हा सुरू करता आली नाही, तर मग दीड दिवसाच्या आसपास हात जोडून बसणे भाग पडते. आयोडीनाचे अर्धायुष्य साडेसहा तास, झेनॉनाचे नऊ. त्यातला एखादा अणू केव्हा मोडेल हे विचारण्यात अर्थ नसतो. सगळे मिळून वाट केव्हा मोकळी करतील, ती वेळ मात्र पाळीवरचा अभियंता वहीत आधीच लिहून ठेवतो.